मोजमाप बिलाला, शेरा इमारतीला

मे महिना लागला की जिल्ह्यातल्या बहुतेक कार्यालयांत एक पत्र येऊन पडते. विषय, मान्सूनपूर्व पाहणी. आपल्या ताब्यातील इमारतींची पाहणी करून अहवाल तीन दिवसांत सादर करावा. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील. मग मुख्याध्यापक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी तक्ता भरायला बसतात. अनुक्रमांक, इमारतीचे नाव, बांधकामाचे वर्ष, सद्यःस्थिती, शेरा. सद्यःस्थितीच्या रकान्यात 'चांगली', 'बरी' नाहीतर 'किरकोळ दुरुस्ती आवश्यक'. शेऱ्याच्या रकान्यात 'निरंक'. तक्ता व्हॉट्सॲपवर तालुक्याला जातो, तिथे गोळाबेरीज होऊन जिल्ह्याला पोचतो, आणि पाहणी झाली असे धरले जाते. तक्ता भरणारा त्या दिवशी गच्चीवर चढला होता का, हे त्या कागदावरून कळण्याची कसलीही सोय नसते.

नशिराबादला हा विषय सध्या जरा जास्तच लागू आहे. जळगाव-भुसावळ महामार्गावरचे हे मोठे गाव परवापरवापर्यंत ग्रामपंचायतीत होते. आता नगरपरिषद झाली. कारभार बदलला की दप्तर हलते. नमुना ८ वरच्या घरांच्या नोंदी नव्या कर-नोंदवहीत जपून उतरवल्या जातात, कारण त्यात वसुली आहे. इमारतींच्या पाहणीचे जुने कागद, मुळात असलेच तर, लाल रुमालात बांधून कपाटाच्या माथ्यावर जातात. त्यात सरकारी इमारतींचे धनी वेगवेगळे. शाळा जिल्हा परिषदेची, अंगणवाडी महिला व बालविकासची, पोलीस ठाणे गृहखात्याचे, पंचायतीकडून आलेली बांधकामे नगरपरिषदेची. तडा कोणाच्या भिंतीला गेला यावर तो कोणी पाहायचा हे ठरते. पाहिला की नाही, हे विचारणारा मात्र कोणाच्याच आस्थापनेवर नाही.

हेच सरकार दुसऱ्या एका बाबतीत किती काटेकोर असते ते बघण्यासारखे आहे. ठेकेदाराचे बिल काढायचे असेल तर अभियंत्याला मोजमाप पुस्तिका उघडावी लागते. खात्यात तिला सगळे 'एमबी'च म्हणतात. तिच्या पानांना छापील क्रमांक असतात. नोंद शाईने करायची. खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर रेघ मारून शेजारी सही करायची. पान कोरे राहिले तर तेही रेघ ओढून रद्द करायचे. नग किती, लांबी-रुंदी-खोली किती, काम कुठले, मोजले कोणी आणि कोणत्या तारखेला. वरच्या अधिकाऱ्याने त्यातली काही मापे स्वतः घेऊन वेगळी सही ठोकायची. एमबी हरवली तर चौकशी लागते, आणि नोकरीवर बेतू शकते. भिंत बांधली जात असताना तिचा एकेक घनमीटर असा कागदावर येतो. पैसे एकदा चुकते झाले की त्याच भिंतीचे पुढचे सगळे आयुष्य 'बरी' या एका शब्दावर निघते. पाहणीलाही एमबीचीच शिस्त हवी, एवढेच आमचे म्हणणे आहे. यासाठी नवे खाते नको, नवी योजना नको आणि तिचे उद्घाटन तर मुळीच नको.

सामान्य माणसाकडून पुरावा मागताना सरकारला कधी अडचण आलेली नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याहप्त्याने. पायाचा फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशांसह चढल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. कपाशी लावली की केळी, हे सांगायला शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतात उभे राहून मोबाइलवर फोटो काढायचा. घरी बसून 'कपाशी, स्थिती बरी' असे लिहून चालत नाही. कपाशीच्या रोपाला जो नियम, तो पोरे बसतात त्या छताला का नको, याचे उत्तर कोणी देत नाही.

नोंद आणि पाहणी यांची फारकत झाली की काय होते, हे जळगाव जिल्ह्याला निराळे सांगायला नको. २०२० च्या जूनमध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून ८२ वर्षांच्या एक कोरोनाबाधित आजी २ तारखेपासून बेपत्ता असल्याचे सांगण्यात आले. १० जूनला त्यांचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले, राज्यभर गवगवा झाला. ते दिवस कठीण होते. माणसे अपुरी होती आणि जी होती ती भेदरलेली होती, हेही खरे. पण रुग्णालयाचे शौचालय ही पाळीपाळीला तपासायची जागा आहे. दिवसाला तीन पाळ्या धरल्या तर आठ दिवसांत चोवीस होतात. चोवीसपैकी एकाही पाळीत कोणी ते दार उघडवून आत डोकावले असते तर ही बातमी झाली नसती. रेल्वे स्थानकापासून दवाखान्यापर्यंत शौचालयाच्या दारामागे तपासणीचा तक्ता टांगलेला आपण सगळेच पाहतो. महिन्याच्या सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच वळणात आणि कधीकधी येणाऱ्या तारखांच्याही रकान्यांत झालेल्या असतात, हेही आपण पाहतो आणि हात धुऊन बाहेर पडतो.

दुर्घटनेनंतर 'पाहणीच झाली नव्हती' असा आरोप होतो. तो खरा असता तर एक वेळ बरे. महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळला आणि दोन एसटी बसगाड्या माणसांसह पुरात गेल्या. मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असे सरकारकडूनच सांगण्यात आले. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी पडला. त्याचेही स्ट्रक्चरल ऑडिट झालेले होते, किरकोळ दुरुस्त्या सुचवून त्याला पास केले होते. नंतर ऑडिटरला अटक झाली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बाळे गेली. राज्यभरच्या रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश सुटले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीच्या सरकारी शाळेचे छत २५ जुलै २०२५ ला कोसळून सात मुले दगावली. मोडकळीला आलेल्या शाळांची माहिती प्रशासनाने आधीच मागवली होती. त्या यादीत ही शाळा नव्हती, असे जिल्हाधिकाऱ्यांनीच सांगितले. आपल्याकडे २८ ऑगस्ट २०१७ ला नगर जिल्ह्यात निंबोडीच्या शाळेत तीन मुलांचा जीव गेला तेव्हाही धोकादायक वर्गखोल्यांची माहिती मागवण्याची धावपळ उडाली होती. याद्यांना तोटा कधीच नव्हता.

मग पाहणारे असे का लिहितात? सगळे कामचुकार असतात असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. 'धोकादायक' हा शब्द लिहिला की तो लिहिणाऱ्याच्याच अंगावर येतो. मुख्याध्यापकांनी खोली धोकादायक लिहिली तर ती त्याच दिवशी बंद करावी लागते. मग चौथीचा वर्ग बसवायचा कुठे, हे पत्र पाठवणारा साहेब सांगत नाही. शाखा अभियंत्याने लिहिले तर अंदाजपत्रक त्यानेच करायचे, निधी नसल्याचे उत्तर त्यानेच ऐकायचे, आणि पावसात काही झाले तर 'तुम्हाला माहीत होते, मग काय केले?' हा प्रश्नही त्यालाच. त्यापेक्षा 'किरकोळ दुरुस्ती आवश्यक' हे बरे. त्यात धोका सांगितल्यासारखाही होतो आणि न सांगितल्यासारखाही. वर चहाच्या टपरीवर 'चालून जातं भो' म्हणायला जळगावात सगळेच तयार.

या शहाण्यांच्या लक्षात एक गोष्ट येत नाही. अपघात झाला की पहिले निलंबन सगळ्यात खालच्या माणसाचे होते. तेव्हा मोघम शेरा त्याला वाचवत नाही, बुडवतो. त्याला वाचवणारा कागद एकच: अमुक तारखेला अमुक ठिकाणी मी हे पाहिले, एवढे मोजले, हा फोटो, हे साक्षीदार, आणि वर कळवल्याची ही पोच. असा कागद फायलीत असला की प्रश्न आपोआप वरच्या खुर्चीकडे सरकतो. खालच्या कर्मचाऱ्यांनी तरी आपल्या पोटापाण्यासाठी नीट लिहायला शिकावे.

नीट म्हणजे कसे? खानदेशातली एक अगदी रोजची गोष्ट घेऊ. आपली जमीन काळी. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया उथळ असला की भिंतीही वर-खाली होतात, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो. असा तडा गावात घरोघर दिसेल. प्रत्येक तड्याने घर पडत नाही. म्हणून 'भिंतीला तडे आहेत' या वाक्याला काडीची किंमत नाही. नोंद अशी हवी: खोली क्रमांक ३, पूर्वेची भिंत, खिडकीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून निघालेला तिरका तडा, लांबी १.१० मीटर, सर्वांत रुंद जागी ३ मिलिमीटर, आरपार नाही. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घालायची. जुने जाणते अभियंते आणखी एक करतात. तड्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवतात आणि तिच्याखाली तारीख लिहितात. पावसाळ्यानंतर काच शाबूत असली तर तडा जुना आणि निजलेला. काच फुटली तर भिंत अजून हलते आहे. खर्च जवळजवळ शून्य. पण मेमध्ये लावलेली काच ऑक्टोबरात बघायला तीच नोंद हातात हवी, आणि मधल्या काळात बदली झाली तर नव्या माणसाला ती सापडायला हवी. तक्त्यातले 'बरी' ऑक्टोबरात कशाशी ताडून बघणार?

नोंदीत न पाहिलेलेही लिहायला हवे. 'गच्चीच्या जिन्याला कुलूप होते, किल्ली मिळाली नाही, छत वरून पाहता आले नाही' असे वाक्य ज्या अहवालात आहे त्यावर विश्वास ठेवावा. ज्यात सगळेच 'ठीक' आहे तो अहवाल घरी बसून लिहिलेला असण्याचा संभव दाट. शाळेच्या पाहणीला तर साक्षीदार शोधायलाही नकोत. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिलेली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांच्यापैकी दोघांना बरोबर घेऊन जागेवर सही घ्यावी. पीक बुडाले की तलाठी पंच उभे करतो आणि पंचनामा लिहितो. भिंत पडण्याआधी पंच बोलावले म्हणून काही बिघडणार नाही.

फोटोचे मात्र भलतेच खूळ झाले आहे. पाहणीचा फोटो म्हणून जो येतो त्यात मधोमध साहेब, दोन्ही बाजूंना कर्मचारी, आणि भिंत सगळ्यांच्या पाठीमागे. कोपऱ्यात 'जीपीएस मॅप कॅमेरा'चा ठसा असतो, पत्ता आणि वेळ दाखवणारा, म्हणून तो पुरावा समजायचा. रोजगार हमीत या फोटोशाहीचा अनुभव घेऊन झाला आहे. १ जानेवारी २०२३ पासून तिथे हजेरी मोबाइलवरच्या फोटोनेच लागते. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की भलतेच फोटो चढतात, फोटोचा फोटो काढून तोही चढवला जातो. तेव्हा फोटो हवाच, पण रीतीने हवा. एक लांबून, म्हणजे कोणती इमारत ते कळेल. एक मधला, म्हणजे कोणती भिंत ते कळेल. एक जवळून, तड्याशेजारी मोजपट्टी धरून. तिन्हींना क्रमांक आणि तोच क्रमांक नोंदीत. दुरुस्ती झाल्यावर त्याच जागी उभे राहून चौथा. आणि मूळ फाइल कार्यालयाच्या संगणकात ठेवावी. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्याच्या पोटातली तारीख-वेळ गळून जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशी नोंद न्यायालयात देताना जोडायच्या प्रमाणपत्रात फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. फाइलवरून निघणारा हा लांबलचक संकेतांक फोटोतला एक ठिपका बदलला तरी बदलतो. चारदा फॉरवर्ड झालेल्या फोटोचा हॅश काढून काय सिद्ध करणार?

आगीच्या बाबतीत कायदा आधीपासून कडक आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायचे असते. यंत्रणा चालू स्थितीत आहे, असे. प्रत्यक्षात पाहणीत काय टिपले जाते? भिंतीवर लाल सिलिंडर टांगलेला आहे, बस्स. त्याच्या लेबलवर पुन्हा भरण्याची तारीख असते, गळ्याशी काटा असतो, तो हिरव्या पट्ट्यात आहे की लाल ते दिसते, पिनेला सील आहे की पोरांनी उपटले तेही दिसते. फोटो काढायचा तर या तीन गोष्टींचा. विजेचेही तसेच. जळगाव-भुसावळचा पारा मेमध्ये ४५ च्या घरात जातो आणि सगळे कूलर एकदम फिरू लागतात. तारा तापतात त्या तेव्हा. वायरिंगची तपासणी थंडीत उरकून 'भार योग्य' लिहिणे म्हणजे कागदाची सोय.

नशिराबादच्या शिवारात सिमेंटचा कारखाना आहे. सिमेंटच्या प्रत्येक गोणीवर ते कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात भरले गेले ते छापण्याचा नियम आहे, आणि घर बांधणारा कोणीही गवंडी गोणी फोडण्याआधी तो आकडा वाचतो. त्याच सिमेंटने उभी राहिलेली सार्वजनिक इमारत शेवटची कधी तपासली गेली, हे तिच्या दारावर कुठेच लिहिलेले नसते. भूमिपूजन कोणी केले आणि लोकार्पण कोणाच्या शुभहस्ते झाले हे मात्र संगमरवरात कोरलेले. त्या कोनशिलेखाली एक साधी पत्र्याची पाटी लावायला काय हरकत आहे? शेवटची पाहणी, तारीख, पाहणाऱ्याचे पदनाम, काढलेल्या त्रुटी किती, दूर झालेल्या किती, पुढची पाहणी केव्हा. रंगाने लिहिली तरी चालेल, दर वर्षी पुसून नवी लिहायचीच आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा सांगितले आहे. खाजगी सोसायटीवर जे बंधन घालता येते ते स्वतःवर घालून घ्यायला नगरपरिषदेला कोणाच्या आदेशाची वाट पाहायचे कारण नाही. नशिराबादची नगरपरिषद नवी आहे, तिच्या वह्या कोऱ्या आहेत. त्यातली एक वही, क्रमांकित पानांची, इमारत-पाहणीसाठी वेगळी काढावी आणि गावातल्या सगळ्या सार्वजनिक इमारती, त्या कोणत्याही खात्याच्या असोत, तिच्यात एकेका पानावर घ्याव्यात. दुसऱ्या खात्याची इमारत दुरुस्त करणे नगरपरिषदेच्या हातात नसेल. तिच्याविषयी तारखेनिशी पत्र लिहून पोच जपून ठेवणे नक्कीच आहे.

नगरपरिषदेने नाही केले तर गावकऱ्यांना मार्ग मोकळा आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कागदांच्या प्रती मागण्याबरोबरच काम आणि अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याचा, टिपणे घेण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, आणि तो फार थोडे लोक वापरतात. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत. आपल्या मुलांच्या शाळेचा गेल्या तीन वर्षांचा पाहणी अहवाल मागा, फोटोंसह मागा, आणि काढलेल्या त्रुटींवर पुढे काय झाले ते मागा. अर्ज एप्रिलमध्येच द्या. उत्तराला कायद्याने ३० दिवस मिळतात, आणि खानदेशात पाऊस जूनच्या मध्यावर येतो.